दोन पानांचा नाताळ

इंग्लंडांत वर्षांतून एक दिवस असा येतो कीं, त्या दिवशीं आगगाडी धांवत नाहीं. डिसेंबरच्या २५ तारखेस लंडनची भुयारी रेल्वे बंद, बहुतेक गांवांच्या बसगाड्या बंद, आणि २८० चौरस मीटरांहून मोठें दुकान उघडण्यास तर २००४ सालच्या कायद्यानेंच मनाई. पूर्वीं असें नव्हतें. नाताळच्या दिवशीं धांवणाऱ्या गाड्या १९६० नंतरच्या दशकांत कमी होत होत बंद पडल्या, आणि आतां ती रूढीच होऊन बसली आहे. ज्याच्या दारीं स्वतःचें वाहन नाहीं, तो २४ तारखेच्या रात्रीं जेथें असेल तेथेंच त्याचा नाताळ व्हावयाचा. जीं माणसें एकत्र जमलेलीं असतात त्यांस ही गोष्ट जाणवतही नाहीं. घरांत बारा माणसें आणि ओव्हनमध्यें सात किलोंचा पक्षी असतां आगगाडी हवी कोणाला? परंतु ज्या घरांत दोनच माणसें उरलीं आहेत, त्या घराला आपला सण महिनाभर आधीं आंखावा लागतो. अशा एका घरांत २०२४ सालचा नाताळ काढण्याचा योग आम्हां उभयतांस आला. त्या घराची, आणि तें ज्या गांवांत आहे त्या गांवाची, हकीकत वाचकांस सांगावी असें मनांत आहे.

गांव तें यॉर्क. लंडनच्या उत्तरेस आगगाडीनें सुमारें दोन तासांच्या वाटेवर, ऊझ आणि फॉस ह्या दोन नद्यांच्या संगमाशीं तें वसलें आहे. ख्रिस्ती शकाच्या ७१ व्या वर्षीं रोमन सैन्यानें येथें तळ दिला, आणि ३०६ सालीं कॉन्स्टंटाइन ह्यास त्याच्या सैन्यानें ह्याच गांवांत बादशहा म्हणून पुकारलें. मिन्स्टर ह्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या विशाल ख्रिस्तमंदिराबाहेर त्याचा बसलेला पुतळा आहे. २५ डिसेंबर हा दिवस ख्रिस्तजन्माचा म्हणून रोम येथें पाळला जात असल्याची पहिली नोंद ३३६ सालची, म्हणजे ह्याच बादशहाच्या कारकीर्दीची आहे. तेव्हां नाताळ पाहावयास यॉर्कला जाणें हें कांहीं अगदींच अस्थानीं नव्हे.

मिन्स्टरची एक गंमत येथेंच सांगून टाकतों. नाताळांत दारावर मिसलटो नांवाची जी वनस्पति टांगतात ती आपल्याकडील बांडगुळाचीच भाऊबंद. ख्रिस्तपूर्व धर्माची खूण म्हणून ती ख्रिस्तमंदिरांत सहसा येऊं देत नाहींत. यॉर्कचा रिवाज मात्र निराळा. येथें ती थेट मुख्य वेदीवर ठेवीत, असें विल्यम स्टकली ह्या विद्वानानें अठराव्या शतकांत लिहून ठेवलें आहे. जुन्या गांवांच्या अंगीं अशी एक हट्टी मोकळीक असते. पंढरपूर-पैठणचे रिवाज ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस हें नवल वाटणार नाहीं.

डिसेंबरांत गांव गजबजलेलें असतें. पार्लमेंट स्ट्रीटवर लांकडी खोपटांचा बाजार भरतो. मेणबत्त्या, लोंकरीचे मोजे, मसाल्याचा ऊन मद्यार्क ह्यांचे वास एकमेकांत मिसळलेले असतात. जवळच शॅम्बल्स ही सुप्रसिद्ध अरुंद गल्ली. तिच्या घरांचे वरचे मजले इतके पुढें झुकलेले आहेत कीं, समोरासमोरच्या खिडक्यांतून हस्तांदोलन करावें. ही पूर्वीं खाटकांची आळी होती. १८७२ सालींसुद्धां येथें पंचवीस खाटकांचीं दुकानें होतीं. त्यांचे आंकडे आणि मांस मांडण्याच्या रुंद फळ्या कांहीं घरांवर अजून आहेत, परंतु दुकानें सारीं प्रवाशांना भेटवस्तु विकणारीं. आम्हांस त्या गल्लींतून नाक न दाबतां जातां आलें, ह्याबद्दल आम्ही काळाचे आभारी आहों. यॉर्कची खरी मिळकत चॉकलेटची. संत्र्यासारख्या फोडी असलेलें टेरींचें चॉकलेट १९३२ सालीं येथेंच निघालें. नाताळच्या मोजांत तें असावयाचेंच. तो कारखाना २००५ सालीं बंद झाला आणि आतां त्याच्या इमारतींत लोक राहतात. दुसरे मोठे कारखानदार राउंट्री हे क्वेकर पंथाचे. त्या पंथांत पूर्वीं नाताळासारखे सण पाळीत नसत. तरी साऱ्या देशाच्या नाताळाला चॉकलेट पुरविण्याचें काम त्यांच्याकडे आलें, हा योगायोग मोठा मौजेचा.

आमचें बिऱ्हाड स्टेशनापासून दहा मिनिटांच्या वाटेवर, तांबड्या विटांच्या घरांच्या एका लांब रांगेंत होतें. माडीवर आम्ही, खालीं घरमालकीणबाई आणि त्यांचे यजमान. बाई शाहत्तर वर्षांच्या, यजमान ऐशीं ओलांडलेले. यजमानांचा सारा जन्म रेल्वेच्या नोकरींत गेला होता. यॉर्कांत असलीं घरें पुष्कळ. मुलगा ऑस्ट्रेलियांत पर्थ येथें, मुलगी कॅनडांत. एके काळीं ह्या घरीं नाताळास दहाबारा पानें उठत. तीं कमी होत होत दोनांवर आलीं. ह्यांत विशेष असें कांहीं नाहीं. पुण्यामुंबईच्या कितीतरी घरांची दिवाळी आज अशीच दोन पानांची झाली आहे. विशेष होतें तें दुसरेंच. यजमानांची स्मृति दोन वर्षांपासून विरत चालली होती. चाळीस वर्षांपूर्वींच्या गाड्यांचे क्रमांक त्यांस आठवत, सकाळीं चहा झाला कीं नाहीं हें आठवत नसे.

नोव्हेंबरांत एके सायंकाळीं बाई आम्हांस म्हणाल्या, "पुढच्या वर्षीं त्यांना हा दिवस ओळखूं येईल कीं नाहीं, मला ठाऊक नाहीं. ह्या वर्षीं यायला हवा."

शेजारीपाजारी सल्ला द्यावयास तत्पर होते. एकानें सुचविलें कीं हॉटेलांत टेबल राखून ठेवावें. दुसऱ्यानें सांगितलें कीं दुकानांत दोघांपुरतें तयार जेवण पेटींत मिळतें, तें नुसतें ऊन करावें. बाईंनीं दोन्ही मोडीत काढलीं. हॉटेलांतल्या गलबल्यांत यजमान घाबरून जातील. आणि पेटींतल्या जेवणाला वास नसतो. सकाळपासून घरभर वास सुटल्यावांचून त्यांस नाताळ कसा कळावा? हें त्यांचें म्हणणें आम्हांस तत्काळ पटलें. चतुर्थीची सकाळ आम्ही डोळे मिटून नारळाच्या चवावर आणि वेलदोड्यावर ओळखूं.

तरी अडचण खरी होती. इंग्रजांचें हें जेवण मुळींच दोघांसाठीं रचलेलें नाहीं. त्याचा नायक टर्की हा अमेरिकेंतला पक्षी. तो इंग्लंडांत सोळाव्या शतकांत आला, आणि आणणारा विल्यम स्ट्रिकलंड हा ह्याच यॉर्कशायरचा, असें परंपरा सांगते. १५५० सालीं त्याला मिळालेल्या कुलचिन्हांत टर्की आहे, आणि त्याच्या बॉइंटन गांवच्या ख्रिस्तमंदिरांत बायबल ठेवावयाची घडवंचीसुद्धां टर्कीच्या आकाराची आहे. डिकन्सच्या १८४३ सालच्या 'ख्रिसमस कॅरोल'मध्यें गरीब क्रॅचिट कुटुंब हंस खातें. तोही घरीं भाजलेला नव्हे. घरोघर ओव्हन नसत, म्हणून पाववाल्याच्या भट्टींत नेऊन भाजून आणलेला. शेवटीं कृपण स्क्रूज उदार होतो आणि भलीमोठी टर्की पाठवितो. तेव्हांपासून मोठा पक्षी म्हणजे मोठें मन, अशी कांहींशी समजूत ह्या देशांत रुजली. दोन माणसांनीं टर्की आणली तर ती त्यांस आठवडाभर पुरते, आणि चवथ्या दिवशीं तिच्याकडे पाहवत नाहीं म्हणतात. ह्या विषयांत आमचा अधिकार शून्य असल्यामुळें आम्ही ऐकीव तेंच लिहितों.

बाईंपुढें प्रश्न होता, काय गाळावें आणि काय ठेवावें. त्यांच्या टेबलाशीं बसून त्या कागदावर नांवें लिहीत आणि खोडीत. आमच्यांतल्या गृहिणीनें तेव्हां त्यांस नैवेद्याच्या पानाची गोष्ट सांगितली. आमच्याकडे देवापुढें वाटीएवढी भाताची मूद असते, परंतु पानावर मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी, वरण, गोड हें सारें आपापल्या जागीं असतें. पान लहान असतें, अपुरें नसतें. डावी बाजू गाळून उजवी दुप्पट केली तर तो नैवेद्य होत नाहीं. बाईंनीं हें लक्षपूर्वक ऐकलें, खोडलेलीं नांवें पुन्हां लिहिलीं आणि प्रत्येकापुढें प्रमाण घातलें. बटाटे चार. पार्सनिप दोन. स्प्राउट, म्हणजे बोराएवढे कोबीचे गड्डे, माणशीं सहा. पक्षी मात्र अख्खा हवा, तुकडे चालावयाचे नाहींत. कारण तो टेबलावर कापण्याचा मान यजमानांचा होता आणि तो चाळीस वर्षांत कोणीं घेतला नव्हता. सव्वा किलोची कोंबडी ठरली.

मग असें निघालें कीं, ह्या घरांत दोन पानांचे नाताळ एक नव्हे, दोन होते. आम्हीही दोघेच, आणि आम्हांसही २५ तारखेस कोठें जातां येणार नव्हतें. तेव्हां कामाची वांटणी झाली. माडीवर एक लहान विजेचा ओव्हन होता. बटाटे, पार्सनिप, स्प्राउट आणि दोन्ही सॉस आम्हीं वर करावयाचे आणि निम्मे खालीं पाठवावयाचे. पक्षी आणि त्याचा परिवार खालच्या ओव्हनमध्यें. बाईंचा ओव्हन मोकळा राहिला आणि आमचें सोवळें न बोलतां सांभाळलें गेलें. ज्या घरीं दोघांपुरता स्वयंपाक असेल तेथें अर्धी कोबी, अर्धा पाव, पाऊण बाटली सारखें उरत असतें. दोन बिऱ्हाडांनीं मिळून बाजार केला म्हणजे तें दुखणें राहत नाहीं. परदेशीं राहणाऱ्या आपल्या तरुण जोडप्यांनीं ही युक्ति अवश्य करून पाहावी.

पुडिंग सर्वांत आधीं करावें लागतें. त्याचा दिवस ठरलेला; अॅडव्हेंट हा नाताळपूर्व काळ सुरू होण्याआधींचा रविवार. २०२४ सालीं तो २४ नोव्हेंबरला आला. ख्रिस्त आणि त्याचे बारा शिष्य म्हणून जिन्नस तेरा, आणि लांकडी डावानें तें पूर्वेकडून पश्चिमेकडे ढवळावयाचें. घरांतल्या प्रत्येकानें एकेक वेळ ढवळून मनांत इच्छा धरावयाची. ह्याला प्लम पुडिंग म्हणतात, परंतु त्यांत प्लम नसतो. पूर्वीं मनुकांसच तें नांव होतें. दोन लहान वाडग्यांस मिळून आम्हीं घेतलेलें प्रमाण असें: काळ्या व पिवळ्या मनुका आणि बेदाणे २०० ग्रॅम, पावाचा चुरा ५० ग्रॅम, मैदा ३०, तांबूस साखर ८०, एक किसलेलें सफरचंद, संत्र्याची मुरवलेली साल, दालचिनी, लवंग, जायफळ आणि चिमूटभर मीठ. घोटाळा आहे तो पुढेंच. ह्यांत मुळांत घालतात ती गाईबैलाच्या मूत्रपिंडाभोंवतींची चरबी. आपल्या पुष्कळ मुलांनीं हें पुडिंग निव्वळ सुका मेवा समजून खाल्लें असेल. त्यांस दोष देण्यांत अर्थ नाहीं, परंतु विकत घेतांना वेष्टनावरचें वाचावें. वनस्पतिजन्य चरबी घातलेलेंही मिळतें. आम्हीं आमच्या वाडग्यांत गार लोणी किसून घातलें, आणि अंड्याऐवजीं किसलेलें गाजर व थोडें दूध. ही गाजराची तोड आमची नव्हे. दुसऱ्या महायुद्धांत आणि नंतर १९५४ पर्यंत ह्या देशांत शिधापत्रिका होत्या. त्या टंचाईंत लोक पुडिंगांत गाजर घालीत. यजमानांनीं गाजर पाहिलें मात्र, आणि ते एकदम म्हणाले, "माझी आई असेंच करी." त्या दिवशीं ते बराच वेळ हुशारींत होते.

मसाल्यावरून आणखी एक आठवलें. १९२७ सालीं, आपण ब्रिटिश साम्राज्यांत असतांना, सरकारी प्रचारखात्यानें 'साम्राज्याचें पुडिंग' म्हणून एक कृति प्रसिद्ध केली होती. मनुका ऑस्ट्रेलियाच्या, लवंग झांजिबारची, रम जमेकाची, आणि दालचिनी हिंदुस्थानची किंवा सिलोनची. एका वाडग्यांत सारें साम्राज्य ढवळलें होतें. साम्राज्य गेलें, दालचिनीची पुडी आम्हीं पुण्याहून आणली होती, ती कामास आली.

वाडगीं चार-पांच तास वाफवून, वर कागद बांधून, थंड फडताळांत ठेवलीं. खालच्या वाडग्याबरोबर बाईंनीं एक नाणें काढून ठेवलें. तें चांदीचें सहा पेन्सांचें, पांचव्या जॉर्जच्या मुखवट्याचें. पुडिंगांत ज्याला नाणें मिळेल त्याचें वर्ष चांगलें जातें. तें चलनांतून १९८० सालीं गेलें, परंतु पुडिंगांतून गेलेलें नाहीं.

बाजार २३ तारखेस केला. मंडईंत स्प्राउट देंठासकट मिळतात. हातभर लांब दांड्याला गड्डे लगडलेले, एखाद्या गदेसारखे दिसतात. पार्सनिप म्हणजे पांढरें गाजर म्हणावें तर चवीनें रताळ्याकडे झुकणारें. थंडीचा कडाका पडून गेल्यावर त्याच्या पिठाची साखर होते, म्हणून तें डिसेंबरांतच खावें. आमच्या पानावर पक्ष्याच्या जागीं चेस्टनटची भाजलेली वडी होती. हें फळ शिंगाड्यासारखें पिठूळ, त्यांत कांदा, अळंबीं आणि पावाचा चुरा. चीज आम्हीं वेन्स्लीडेलचें घेतलें. यॉर्कशायरचे लोक नाताळच्या केकबरोबर ह्या चीजचा तुकडा खातात, आणि जे खात नाहींत त्यांची कीव करितात. प्रथम आम्हांस हें चमत्कारिक वाटलें. आतां कीव करणाऱ्यांत आम्हीही आहों.

२४ तारखेस बाईंनीं यजमानांपुढें कोरा कागद आणि पट्टी ठेवली व म्हणाल्या, "उद्यांचें वेळापत्रक तुम्हींच आंखायचें. भोजन एक वाजतां." यजमानांनीं तासभर मान वर केली नाहीं. कागद आम्हीं पाहिला तेव्हां थक्क झालों. भोजनापासून मागें मागें मोजीत त्यांनीं प्रत्येक पदार्थाची वेळ काढली होती, तीही रेल्वेच्या पद्धतीनें, चोवीस तासांच्या आंकड्यांत. पक्षी आंत ११.१५, बाहेर १२.३०, कापण्यापूर्वीं वीस मिनिटें विसांवा. बटाटे उकळत्या पाण्यांत ११.२०, कढत तेलांत ११.४५. पुडिंगाला वाफ १२.१५. रकाने दोन होते. आमच्या माडीचा 'अप', खालचा 'डाउन'. कोठें एका मिनिटाची चूक नाहीं. आणि मध्येंच, त्याच सुबक अक्षरांत, एक ओळ होती: "१०.४७. मुलें स्टेशनवर. मी जातो."

बाईंनीं ती वाचली. आम्ही कांहीं बोलणार तोंच त्यांनीं मान हलविली आणि कागद तसाच शीतपेटीच्या दाराला लावला.

नाताळची सकाळ करडी, निश्चल होती. साडेआठच्या सुमारास उजाडलें. रस्त्यावर वाहन नाहीं, माणूस नाहीं. दूरवर मिन्स्टरच्या घंटा तेवढ्या चालू होत्या. एवढें प्रवाशांनीं गजबजलेलें गांव एका रात्रींत असें रिकामें व्हावें, हें पाहण्यासारखें आहे. आम्ही दुधांत लवंगा टोंचलेला कांदा आणि तमालपत्र घालून ब्रेडसॉस चढविला. पावाचा चुरा दुधांत शिजवून करावयाचा हा सॉस फार जुना, आणि त्याचा वास आपल्या मसालेभाताच्या फोडणीचा धाकटा भाऊ शोभेल असा. साडेदहाला खालीं पाहतों तों यजमान कोट-टोपी घालून दाराशीं उभे. बाईंनींही कोट चढविला होता. "आम्ही जाऊन येतों," त्या म्हणाल्या, "अकरापर्यंत परत येऊं."

अकरा वाजले, सव्वाअकराला पांच मिनिटें उरलीं, तरी दोघांचा पत्ता नव्हता. वेळापत्रक भिंतीवरून आमच्याकडे पाहत होतें. पक्षी पत्र्यांत घालून, वर चकचकीत कागदानें झांकून टेबलावर ठेवलेला होता. तो ओव्हनमध्यें गेला नाहीं तर एक वाजतां भोजन नाहीं, आणि महिनाभराची सारी आंखणी फुकट. आम्ही एकमेकांकडे पाहिलें. वाचकांपैकीं कोणीं कर्मठ असतील त्यांनीं एवढें लक्षांत घ्यावें कीं, पत्रा झांकलेला होता आणि हातांत जाड मोजे होते. ११.१५ ला पक्षी आंत गेला. आम्ही वर जाऊन हात धुतले आणि बटाट्यांचें पाणी उकळत ठेवलें.

तीं दोघें साडेअकराला आलीं. स्टेशनाचीं दारें बंद होतीं. बाईंनीं मागाहून सांगितलें तें असें. यजमान बंद दारापुढें थोडा वेळ उभे राहिले, मग म्हणाले, "आज पंचवीस तारीख. आज गाडी नसते." आणि परततांना वाटभर त्यांनीं पूर्वींच्या एका नाताळची हकीकत सांगितली, जेव्हां गाड्या चालत असत आणि ते तरुण असतांना कामावर होते. बाईंनीं ती कधींच ऐकली नव्हती. म्हणून त्या हळू चालल्या.

एक वाजतां आम्ही आमचे निम्मे पदार्थ घेऊन खालीं गेलों, तेव्हां यजमान उभे राहून सुरी हातांत घेऊन थबकले होते. हात पुढें होईना. बाई त्यांच्याकडे न पाहतां, रुमाल मांडीवर पसरीत, अगदीं रोजच्या सुरांत म्हणाल्या, "मला छातीकडचें पांढरें, दरवर्षींप्रमाणें." सुरी चालूं लागली. आम्हीं पदार्थ ठेवले आणि माडीवर आलों.

आमचें पान आम्हीं डावी-उजवीसकट वाढलें होतें. क्रॅनबेरीचा आंबटगोड सॉस चटणीच्या जागीं, ब्रेडसॉस कोशिंबिरीच्या, कोरडी लिंबाची फोड आमची आगाऊ. बटाटे बाहेरून कुरकुरीत, आंतून भुसभुशीत असे उतरले होते. उकडल्यावर चाळणींत घालून जरा खडखडून हलवावे आणि मग कढत तेलांत टाकावे, एवढेंच त्यांतलें मर्म. ह्या जेवणांत एक वस्तु मात्र खरोखर दोघांसाठींच घडविलेली आहे, आणि ती खाण्याची नव्हे. रंगीत कागदाचा नळकांडीसारखा फटाका. दोघांनीं दोन टोंकें धरून ओढला म्हणजे फट्‌ आवाज होतो आणि आंतून कागदी मुकुट निघतो. लंडनच्या टॉम स्मिथ नांवाच्या मिठाईवाल्यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तो काढला. एकट्याला तो ओढतां येत नाहीं, बाराजणांस एक पुरत नाहीं. आमचे मुकुट आम्हीं संध्याकाळपर्यंत काढले नाहींत. पुडिंगावर ब्रँडी ओतून ती पेटवितात. खालून निळ्या ज्वाळेचें कौतुक ऐकूं आलें. आमच्या पुडिंगावर पेटवावयास आमच्यापाशीं देवाच्या डबींतला कापूर होता, पण तो खाण्याचा नसल्यामुळें आम्हीं तें आरतीसारखें नुसतें ओंवाळून घेतलें.

दीड वाजतां पर्थहून मुलगा पडद्यावर दिसला. तेथें रात्रीचे साडेनऊ. यजमानांनीं त्याला विचारलें, गाडी कां चुकली. तो क्षणभर थांबला, आणि म्हणाला, "आज गाड्या नव्हत्या, बाबा." "बरोबर," यजमान म्हणाले.

तीन वाजतां राजाचें भाषण ऐकावयास आम्हांस खालीं बोलाविलें होतें. ही प्रथा १९३२ सालची. पांचव्या जॉर्जचें तें पहिलें नभोवाणीवरचें भाषण रडयार्ड किप्लिंगनें लिहून दिलें होतें, आणि किप्लिंग जन्मानें मुंबईकर. २०२४ सालीं तिसऱ्या चार्ल्सनें एका जुन्या रुग्णालयाच्या प्रार्थनामंदिरांतून भाषण केलें आणि स्वतःच्या व सुनेच्या आजारांत ज्यांनीं शुश्रूषा केली त्या डॉक्टरांचे व परिचारिकांचे आभार मानले. भाषण संपेतों बाहेर अंधारून आलें होतें; ह्या दिवसांत तेथें पावणेचारला सूर्य मावळतो. यजमान मुकुट घालून खुर्चींत झोंपी गेले होते.

दुसऱ्या दिवसाला बॉक्सिंग डे म्हणतात. त्या दिवशीं उरलेले बटाटे व स्प्राउट एकत्र कुस्करून तव्यावर परततात, त्याची खालची खरपूस बाजू सर्वांत चांगली. तें आम्हीं चौघांचें केलें आणि बाईंच्या टेबलाशीं एकत्र बसून खाल्लें. नाण्याचा तेवढा पत्ता लागत नव्हता. तें यजमानांच्याच फोडींत आलें होतें, हें बाईंनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. बशीखालीं पाहिलें, टेबलाखालीं पाहिलें, केर पुन्हां चाळला. शेवटीं तें त्यांच्या कोटाच्या आंतल्या खिशांत मिळालें, कागदाच्या एका तुकड्यांत नीट गुंडाळलेलें. कागदावर १०.४७ एवढेंच लिहिलें होतें. बाईंनीं नाणें धुतलें, पुसलें आणि कागदासकट पुन्हां फडताळांतल्या डबींत ठेवलें.